नावाआधीचं अक्षर

आमच्या गावात येऊन मोरेश्वर घरत कुठे राहतात असं विचारलंत, तर दोन आळ्या फिरून परत नाक्यावर याल. पाटीवाला मोरू म्हणा, शेंबडं पोर पण दारात आणून सोडेल. मी नलू, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आले ती मोरूच्या भिंतीला भिंत लावून राहिले. पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते, मागच्या खोलीत जेवते. तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी बोलायला नको.

मोरू न्हावा शेव्याला एका गोदामात सव्वीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होता. कंबर गेली तेव्हा घरी बसला. बायको आधीच गेलेली, एकुलता एक पोरगा ओंकार कामाला लागलेला, मग दिवसभर हा करणार काय? मोबाइल बघत बसायचा. त्यात त्याला कुठला तरी गोरा म्हातारा सापडला, फळीतून हरणं कापणारा. झालं. महिनाभरात मशीन दारात. पहिल्यांदा बघितली तेव्हा माझं डोकंच सणकलं. वाटलं, यानं माझ्या पोटावर पाय द्यायला शिलाई मशीन आणली! खाली पायानं दाबायचं पॅडल, वर लांब दांडा, मधे सुईसारखं काहीतरी खालीवर होणारं. जवळ जाऊन बघते तर सुई कसली, करवतीचं पातं. दात कोरावेत इतकं बारीक.

"याला स्क्रोल सॉ म्हणतात," मोरू म्हणाला.

"म्हणेनात का. माझी मशीन जोडते, तुझी तोडते. तिकडं लांब ठेव."

पण मी बघत उभी राहायची, खोटं कशाला बोलू. परदेशातून माल येतो त्याच्या खालच्या लाकडी चौकटी भंगारवाल्याकडे पडून असतात. पांढरं, मऊ लाकूड, वास पण छान. तसल्या फळ्या नाहीतर प्लायवूड घ्यायचं, त्यावर चित्राचा कागद डकवायचा आणि रेघेवरून कापत जायचं. गंमत अशी की पातं हलवायचंच नाही. ते आपल्या जागी खालीवर करत राहतं, फळी फिरवायची. आतली पोकळी कापायची असेल तर आधी बारीक भोक पाडायचं, पातं वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत आवळायचं. आवळल्यावर मोरू ते बोटानं छेडून बघायचा. टिणकन वाजलं की ताण बरोबर. ओवायचं काम मीच त्याला शिकवलं, कारण त्याच्या बोटांना फोर्कलिफ्टच्या दांड्याची सवय, बारीक काही जमतच नव्हतं.

सुरुवातीची हरणं बकऱ्यांसारखी झाली. एक मोर केला, त्याला शेजारची राही कोंबडी समजली आणि पिल्लं कुठंत म्हणून विचारायला लागली. मोरू रुसला नाही की हसला नाही, दुसरी फळी लावली. त्याचं हे असंच. लहानपणी बाबांनी फोकानं मारलं तरी हा उभा राहून मोजल्यासारखा गप्प, आणि मी न मारताच भोकाड पसरायची.

पाट्या सुरू झाल्या त्या हळदीमुळे. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीला जास्त माणूस जमतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मंडपात नवरा-नवरीच्या नावांची मोठी पाटी लागते. आधी थर्माकोलची असायची. त्यावर बंदी आली आणि आमच्या गावातल्या दिपेशच्या हळदीला ऐन वेळी कुणाला काही सुचेना. मोरूनं दोन दिवसांत प्लायची अक्षरं कापून दिली. वर 'चि. दिपेश', खाली 'चि. सौ. कां. अमिषा'. मग काय, रांगच लागली. आमच्या गावच्या, शेजारच्या गावच्या, पार चौलपर्यंतच्या हळदीला मोरूची पाटी. घ्यायचा काही नाही. हळदीच्या जेवणाला बोलवा, एवढंच.

त्याची अक्षरं बघायला हवीत. एक एक अक्षर सुटं कापून चिकटवायचं नाही, अख्खं नाव एका तुकड्यातून. वरची रेघ सगळ्यांना धरून ठेवते, हातात घेतलं तर कंगव्यासारखं उचलता येतं. फक्त अनुस्वार आणि 'चि' पुढचं टिंब यांची पंचाईत, ती कुठं टेकणार? ती वेगळी कापून लावायची. मोरूच्या खिशात कायम तसली दोनचार टिंबं असायची. धुण्यात सापडायची.

ओंकारच्या हळदीची पाटी त्यानंच कापली, हे वेगळं सांगायला नको. 'चि. ओंकार' आणि 'चि. सौ. कां. प्रणाली'. प्रणाली म्हसळ्याकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. न्हावा शेव्याला एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची, तिथंच दोघांचं जमलं. ओंकार तेव्हा टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी. तिचे वडील आधी जरा नाराज होते, समुद्रावरचा जावई म्हणून. पण पोरगी गुणाची, तिनं त्यांना बरोबर वळवलं. आमच्या घरात आली आणि आठ दिवसांत मला आत्या, मोरूला बाबा करून टाकलं. मोरूची मशीन पुसून ठेवायची. त्याच्या नाकाला रुमाल बांधल्याशिवाय भुशात बसू द्यायची नाही.

लग्नाला आठ महिने झाले होते. ऑक्टोबरचा महिना. मी एका ब्लाउजाला हुक लावत होते. मोरूचा फोन वाजला, तो नुसता "हां, हां" करत राहिला. मग माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"पहाटेच्या पाळीला ओंकार जागेवर न्हाय," म्हणाला. "टगवर कुठंच न्हाय."

गुजरातच्या बाजूला होता टग. चार दिवस शोधलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी थांबवलं. काही सापडलं नाही. चप्पल पण नाही.

तुम्हाला खरं सांगू का, मला काहीच झालं नाही. मी ते पोरगं कडेवर वागवलेलं, त्याची आई गेल्यावर त्याचे डबे भरलेले. छातीत काहीतरी फुटायला हवं होतं. मी त्या ब्लाउजाला उरलेले हुक लावले आणि दुसरा घेतला. मोरू पाचव्या दिवशी मशीनवर बसला आणि काहीच न काढता फळीच्या उभ्या पट्ट्या कापत राहिला, बोटभर रुंदीच्या. प्रणाली सोमवारपासून ऑफिसला गेली. लोकं आमच्याकडे रडायला यायची आणि आम्ही त्यांना चहा द्यायचो. बाया बाहेर पडून काय बोलायच्या ते मला ऐकू यायचं. या घरातल्या माणसांना काळीज हाय का न्हाय, असं. मला त्याचाही राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

क्रियाकर्म काहीच केलं नाही. माणूसच नाही तर कशाचं करणार? गावातले जाणते म्हणाले, दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो, शास्त्रात आहे. मोरूनं सगळं ऐकून घेतलं, "बघू" म्हणाला आणि आत गेला. थोड्या वेळानं मशीनचा आवाज आला. ते जाणते परत त्या विषयावर आले नाहीत.

दीड वर्षानं कंपनीची चौकशी संपली आणि मृत्यूचा दाखला आला. पोस्टमनकडून मोरूनं सही करून घेतला, उभ्या उभ्या वाचला. नक्षीचे कागद ठेवायची त्याची पत्र्याची पेटी होती, तिच्यात सगळ्यात खाली घातला. प्रणाली तिथंच होती, मशीनवरचा भुसा झाडत होती. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मी दारात उभी राहून दोघांकडे बघत होते. मला पण तोंड उघडता आलं नाही, आणि माझं तोंड तर तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

सगळी अडचण पुढे आली. प्रणाली पंचवीसची. कपाळाला टिकली, गळ्यात मंगळसूत्र, सकाळी डबा घेऊन बस पकडते, संध्याकाळी येऊन भाकऱ्या थापते. बायको म्हणावं तर नवरा नाही. विधवा म्हणावं तर तसं कुणी बोललेलं नाही. तिचे वडील म्हसळ्याहून दोनदा आले. भला माणूस. ओटीवर टोपी मांडीवर ठेवून बसायचे.

"आमची घाई न्हाय हो," म्हणायचे. "पण एक स्थळ हाय. शाळेत कारकून हाय, समंजस. तो शिमग्यापर्यंत थांबतो म्हणतोय. पोरगी काही बोलत न्हाय. मी विचारलं की म्हणते, बाबा बोलतील तेव्हा. तुमच्या तोंडून शब्द आला की मी तिला न्यायला मोकळा."

मोरू म्हणाला, "चहा घ्या."

दोन्ही वेळा हेच. चहा घ्या! मी भिंतीआडून ऐकत होते आणि दात खात होते. दुसऱ्या खेपेला ते गेल्यावर मी सरळ त्याच्या खोलीत घुसले. तो कुणाच्या तरी हळदीची पाटी कापत होता.

"मोरू, एकदा बोलून टाक."

"काय बोलू?"

"ओंकार गेला म्हणून बोल. एवढंच बोलायचंय. तू बोलल्याशिवाय ती पोर हलायची न्हाय. तुझा पोरगा गेला, माझा पण गेला, पण तिचं काय? तिला अशीच वाळवत ठेवतंस? मी काढली न वीस वर्षं एकटीनं, मना विचार!"

त्यानं पॅडल दाबलं. मशीन सुरू. मी भिंतीतला प्लग ओढून काढला. पातं लाकडात अडकून थांबलं. मोरूनं माझ्याकडे बघितलं पण नाही. उठला, प्लग लावला, परत बसला आणि जिथं थांबला होता तिथूनच पुढे कापायला लागला. रेघ जराही हलली नव्हती. मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलं की नाही, देव जाणे.

मग जानेवारीत अल्पेश आला. अल्पेश म्हणजे आमच्या क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष, ओंकारचा जिवलग. दोघं एकाच टीममधून खेळायचे. दरवर्षी जुन्या मिठागराच्या जागेवर दोन दिवसांचे सामने असतात, चषक मोरूच कापून देतो. अल्पेश उंबऱ्याशीच उभा राहिला. मानेवरून हात फिरवत होता.

"मोरूकाका, यंदाचे सामने ओंकारच्या नावानं घेतोय. पोरांनी ठरवलंय. स्टेजवर पाटी लावायची. तुम्ही न्हाय म्हणालात तर बाहेरून करून घेऊ, पण..."

त्यानं कागद पुढे केला. मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं: 'कै. ओंकार मोरेश्वर घरत स्मृती चषक'.

मोरूनं कागद दोन्ही हातांत धरून वाचला. मी ब्लाउज तसाच टाकून दारात आले होते. प्रणाली आत भाजी चिरत होती, तिचा सुरीचा आवाज थांबला.

"किती मोठी?" मोरूनं विचारलं.

"पाच फूट."

"होईल."

मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. तोंडानं नाही तर नाही, हातानं तरी बोलेल हा. पाच फुटांची पाटी, अख्ख्या गावासमोर. मग प्रणालीच्या वडिलांना मीच फोन करीन, असं पण ठरवून टाकलं. चार दिवस मशीन चालली. मी मुद्दाम बघायला गेले नाही. प्रणाली चहा नेऊन ठेवायची आणि न बघता परत यायची. पाचव्या दिवशी पाटी जुन्या चादरीत गुंडाळून भिंतीला टेकवलेली दिसली. सुतळीनं बांधलेली, गाठी घट्ट.

सामन्यांच्या दिवशी सकाळी पोरं टेम्पोतून पाटी घेऊन गेली. मैदानावर बऱ्यापैकी माणूस. बायांना एका बाजूला खुर्च्या टाकल्या होत्या, मी आणि प्रणाली दुसऱ्या रांगेत. मोरू स्टेजजवळ उभा, पांढरा शर्ट घालून. गावातल्या थोरल्या माणसानं नारळ फोडला. अल्पेशनं सुतळी कापली, चादर ओढली. माइकवर दिपेश होता, दरवर्षी तोच असतो, समोर दिसेल ते वाचून मोकळा होतो.

"चिरंजीव ओंकार मोरेश्वर घरत स्मृती..." असं म्हणाला आणि गप्प झाला.

कर्णे चार बाजूंना लावलेले. ते चिरंजीव पार खाडीपर्यंत गेलं असेल.

मी मान वर करून बघितलं. 'चि. ओंकार'. किती सुंदर अक्षरं होती हो! वेलांटी कशी वळवली होती. मागे कुणीतरी पोर फिसकन हसलं आणि त्याला कुणीतरी चापट मारली. बॅटिंगला आलेली पोरं पॅड बांधता बांधता थांबली.

आधी मला वाटलं, यानं मुद्दाम केलं. पोरगा जिवंत आहे म्हणून गावाला सांगतोय. आता माझं डोकं फिरणार तेवढ्यात मी त्याचा चेहरा बघितला. मोरू पण ती पाटी आत्ताच बघत होता. ओठ हलवून वाचत होता, पहिलीतल्या पोरासारखा. त्याला कळलंच नव्हतं. अहो, पन्नास-साठ हळदींच्या पाट्या कापल्या त्यानं, तरण्या पोराच्या नावाआधी त्याचा हात दुसरं काय कापणार? समोर कागद होता, कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, आणि हात आपल्या सवयीनं गेला. चार दिवस ते अक्षर त्याच्या समोर होतं. घासलं, पॉलिश केलं, चिकटवलं. त्याला दिसलं नाही.

अल्पेश धावत काळी चिकटपट्टी घेऊन आला. "काका, काय न्हाय, झाकून टाकतो."

"नको," मोरू म्हणाला. "चिकटपट्टी नको. चुकलं माझं. तुम्ही खेळ चालू करा, मी दुरुस्त करून आणतो."

तो पाटी खांबावरून उतरवायला लागला. पाच फुटांची पाटी, एकट्याला कशी झेपणार? मी उठायच्या आत माझ्या शेजारची खुर्ची सरकली. प्रणाली सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि तिनं दुसरं टोक धरलं. दोघं बांधावरून घराकडे निघाले, पुढे तो, मागे ती, मधे पाटी. मी चपला हातात घेऊन मागून पळाले. पाठीमागे माइकवर दिपेश टॉस सांगत होता.

घरी येऊन मोरूनं पाटी आडवी ठेवली. पटाशीनं 'चि' उचकटला. तो वेगळाच तुकडा होता, पटकन निघाला, खाली फिकट डाग राहिला. टिंब काढायची गरज नव्हती. तेच चालणार होतं. मग प्लायचा तुकडा घेतला, त्यावर पेन्सिलीनं 'कै' काढला. भोक पाडलं. पातं ओवलं, आवळलं, छेडलं. पॅडल दाबलं आणि दोन बोटं पुढे जातोय तर पातं तुटलं. दुसरं लावलं. तेही तुटलं. फळी रेटत होता तो, जी कधीच रेटायची नसते, नवशिक्या रेटतो. तिसरं ओवायला गेला तर भोकात जाईचना. हात नुसते थांबले होते.

प्रणालीनं त्याच्या हातातून पातं घेतलं, ओवलं आणि वर आवळलं. मग स्टूल ओढून त्याच्या समोर बसली.

"बाबा, तुम्हाला वाटतं का तो येईल?"

मोरू फळीकडे बघत म्हणाला, "न्हाय."

"कधीपासून वाटत न्हाय?"

"चौथ्या दिवसापासून. शोध थांबवला तेव्हापासून."

"मग बोलला का न्हाय इतके दिवस?"

"तू वाट बघत होतीस," मोरू म्हणाला. "रोज टिकली लावून जायचीस. मी कसं बोलणार होतो?"

मैदानावरून कुणाची तरी विकेट पडल्याचा गलका आला. तो संपेपर्यंत प्रणालीनं खाली पडलेले पात्यांचे तुकडे वेचून बाजूला ठेवले.

"मी न्हाय वाट बघत होते," ती म्हणाली. "मला पण पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. दाखला आला तो पण तुम्ही पेटीत ठेवल्यावर मी वाचला होता. तुम्हाला वाटत होतं तो येईल, म्हणून मी टिकली लावत होते. मी गेले असते तर तुम्हाला कळलं असतं न, तो येत न्हाय म्हणून."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी. सव्वादोन वर्षं. सव्वादोन वर्षं ही दोघं एका छपराखाली एकमेकांना सांभाळत बसली होती आणि मी शहाणी भिंतीआडून मोरूला शिव्या घालत होते, प्लग ओढत होते. माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी म्हटलं, "मेल्यांनो, एकदा तोंड उघडायचं होतं न!" दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मोरूनं पॅडल दाबलं. या वेळी रेटलं नाही. 'क' च्या पोटातला बारका तुकडा सुटून खाली पडला. वरच्या दोन मात्रा त्यानं सावकाश फिरवल्या, शेवटी फळी अलगद हातात आली. त्यानं भुसा फुंकला आणि तुकडा प्रणालीच्या हातात दिला.

तिनं तो दोन्ही हातांत धरला. "कैलासवासी," असं पूर्ण म्हणाली, हळू आवाजात, कुणाचं नाव पहिल्यांदा घेऊन बघावं तसं. आणि मग ती रडली. काय सांगू तुम्हाला, बाई! स्टुलावरून खाली बसली, भुशात. मी तिचं डोकं पोटाशी धरलं. माझ्या साडीला सगळा भुसा लागला. ती रडत होती आणि मला तेव्हाही रडू येत नव्हतं, पण तिच्या पाठीचा प्रत्येक हुंदका मला पोटात लागत होता, एवढं मात्र होतं.

मोरू रडला नाही. त्यानं तिच्या हातून अक्षर काढून घेतलं, मागून फेविकॉल लावला, फिकट डागावर नीट बसवलं आणि सुकेपर्यंत त्याच्यावर अंगठा दाबून बसला. बराच वेळ. तिचं रडणं उतरेपर्यंत तो तसाच होता. मग त्यानं खिशातला रुमाल तिला दिला.

"म्हसळ्याला कधी निघतेस?" त्यानं विचारलं.

प्रणालीनं तोंड पुसलं. "उद्या," म्हणाली.

"उद्या फायनल हाय," मोरू म्हणाला. "परवा जा."